एक प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीत? 'पास्ड पॉन' चालवायचं कसं, समजून घ्या

मोबाइलवर दहा मिनिटांचा डाव सुरू आहे. एक प्यादं जास्त आहे, त्याची वाट मोकळी आहे, वजीर व्हायला चारच घरं उरली आहेत. मग घाईघाईत दोन चाली होतात, समोरचा राजा येऊन ते प्यादं मारतो आणि स्क्रीनवर 'ड्रॉ' असं दिसतं. ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं.

मोठ्या पटांवरही निकाल बऱ्याचदा शेवटच्या टप्प्यातच लागतो. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बटुमीमध्ये महिला विश्वचषकाची फायनल होती. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध अनुभवी कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, पहिला रॅपिड डावही बरोबरीत सुटला. दुसरा रॅपिड डाव एंडगेमपर्यंत लांबला, घड्याळाच्या दबावाखाली हंपीकडून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या जिंकली. त्या एका विजयाने तिला विश्वचषक मिळाला आणि ग्रँडमास्टर किताबही. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर ठरली.

दिव्या नागपूरची, ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचा. समृद्धी महामार्गाने नागपूरहून नाशिककडे निघालं की वाटेत जालना जिल्हा लागतो. जालना, अंबड, मंठा किंवा भोकरदनमध्ये बसून मोबाइलवर बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांसमोर एक खरा प्रश्न असतो. ओपनिंगची तयारी करायची तर कोच, डेटाबेस, भरपूर वेळ आणि पैसा लागतो. मोठ्या शहरातला खेळाडू तिथे आधीच पुढे असतो. एंडगेमचं तसं नाही. तिथले मूलभूत नियम मोजके आहेत, शंभर वर्षांत ते बदललेले नाहीत आणि शिकायला एक पट पुरतो. त्यातलं सगळ्यात कामाचं प्रकरण म्हणजे 'पास्ड पॉन'.

पास्ड पॉन म्हणजे नेमकं काय?

ज्या प्याद्याला शेवटच्या घरापर्यंत समोरच्याचं एकही प्यादं अडवू किंवा मारू शकत नाही, ते पास्ड पॉन. सोप्या मराठीत, मोकळं प्यादं.

समजा पांढरं प्यादं डी५ वर आहे. त्याच्या पुढे डी पट्टीत काळं प्यादं नाही. शेजारच्या सी आणि ई पट्टीतही सहाव्या-सातव्या रांगेत काळं प्यादं नाही. म्हणजे डी५ चं प्यादं मोकळं झालं. आता त्याला थांबवायचं तर काळ्याला राजा, हत्ती, उंट, घोडा किंवा वजीर यांपैकी कुणाला तरी कामाला लावावं लागणार.

अशा प्याद्यांचेही प्रकार आहेत. मागून दुसऱ्या प्याद्याचा आधार असेल तर ते 'प्रोटेक्टेड', राजा ते मारूच शकत नाही. शेजारशेजारच्या पट्ट्यांत दोन मोकळी प्यादी असतील तर ती 'कनेक्टेड', एकमेकांना सांभाळत पुढे जातात. बाकीच्या प्याद्यांपासून लांब, पटाच्या कडेला असेल तर ते 'आउटसाइड'. प्रत्येकाचा उपयोग वेगळा.

मराठीत 'प्याद्याचा फर्जी होणं' असा जुना वाक्प्रचार आहे. फर्जी म्हणजे वजीर. जुन्या देशी पद्धतीच्या खेळात प्यादं ज्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचायचं, त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचं रूप घ्यायचं. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कुठल्याही पट्टीतून वजीर करता येतो, त्यामुळे कडेच्या साध्या प्याद्यालाही मोल आलं.

त्याची खरी ताकद कशात असते?

नवख्या खेळाडूला वाटतं, मोकळं प्यादं म्हणजे पळवायचं आणि वजीर करायचा. प्रत्यक्षात बहुतेक डावांत ते प्यादं शेवटपर्यंत पोचतच नाही, आणि तरीही डाव जिंकून देतं.

समृद्धी महामार्गावर जालन्याच्या इंटरचेंजवरून गाडी एकदा वर चढली की वाटेत सिग्नल नाही, चौक नाही. मोकळ्या प्याद्याचं तसंच असतं. पण पुढे एखादा ट्रक बंद पडला तर महामार्गावरही गाडी अडकतेच. पटावर तो ट्रक समोरच्यालाच आणून उभा करावा लागतो, आणि गंमत इथे आहे. प्यादं अडवायला त्याने हत्ती ठेवला तर तो हत्ती हल्ल्यातून बाद झाला. राजा पाठवला तर पटाची दुसरी बाजू उघडी पडली.

म्हणजे मोकळ्या प्याद्याची किंमत मोजायची ती त्याने समोरचं कोणतं मोहरं बांधून ठेवलंय, यावरून. पुढचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

पळवायचं की थांबायचं? चौकोनाचा नियम

पटावर फक्त राजे आणि एक मोकळं प्यादं उरलं असेल तर एकेक चाल मोजत बसायची गरज नाही. प्याद्यापासून शेवटच्या घरापर्यंत जितकी घरं, तितक्याच बाजूंचा चौकोन मनात काढायचा. समोरचा राजा त्या चौकोनात असेल किंवा आपल्या चालीवर आत शिरू शकत असेल, तर तो प्यादं पकडतो. नाहीतर नाही.

उदाहरणार्थ, पांढरं प्यादं ए४ वर आहे. चौकोनाचे कोपरे झाले ए४, ए८, ई८ आणि ई४. काळा राजा एफ५ वर आहे. चाल काळ्याची असेल तर राजा ई५ वर येऊन चौकोनात शिरतो आणि प्यादं वाचत नाही. चाल पांढऱ्याची असेल तर प्यादं ए५ वर जातं, चौकोन डी पट्टीपर्यंत आक्रसतो आणि राजा एका चालीने मागे पडतो. पट तोच, मोहरी तीच, फरक फक्त चाल कुणाची याचा.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. दुसऱ्या रांगेतलं प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, म्हणून चौकोन काढताना ते तिसऱ्या रांगेत आहे असं धरायचं.

या नियमाला सुंदर वळण दिलं ते रिचर्ड रेटी यांनी, १९२१ मध्ये. त्यांच्या प्रसिद्ध कोड्यात पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर, काळा राजा ए६ वर आणि काळं प्यादं एच५ वर आहे. चाल पांढऱ्याची. काळं प्यादं पांढऱ्या राजाच्या हाताबाहेर गेलंय आणि पांढरं प्यादं काळ्या राजाच्या तावडीत आहे, असं दिसतं. तरीही पांढरा डाव बरोबरीत सोडवतो. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका येतो. तिरक्या वाटेने तो काळ्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि आपल्या प्याद्याच्याही. काळा एक धोका टाळायला गेला की दुसरा उभा राहतो. राजाने एका चालीत दोन कामं कशी करायची, याचा हा नमुना आहे.

राजा पुढे, प्यादं मागे

एंडगेममध्ये राजा लपवायचा नसतो, वापरायचा असतो. प्याद्याला ढकलत राजाने मागून यायचं, ही सगळ्यात नेहमीची चूक.

पांढरा राजा ई६ वर, प्यादं ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. राजा आणि प्याद्याची जागा बदला, म्हणजे प्यादं ई६ वर, राजा ई५ वर आणि काळा राजा ई७ वर. आता काळा नीट खेळला तर डाव बरोबरीत. त्याने फक्त सरळ मागे ई८ वर जायचं आणि पांढऱ्या राजाच्या समोर येत राहायचं. शेवटी पांढऱ्याला प्यादं सोडावं लागतं किंवा काळ्या राजाला हलायला घर उरत नाही आणि स्टेलमेट होतं.

तात्पर्य, आधी राजाने वाट मोकळी करायची, मग प्याद्याने चालायचं. प्याद्याची चाल परत घेता येत नाही, राजाची घेता येते.

हत्ती कुठे ठेवायचा?

हत्ती आणि प्याद्यांचे एंडगेम सगळ्यात जास्त येतात. तिथला जुना नियम असा, की हत्ती मोकळ्या प्याद्याच्या मागे ठेवायचा. प्यादं आपलं असो की समोरच्याचं.

कारण साधं आहे. आपलं प्यादं पुढे सरकतं तशी मागच्या हत्तीला जास्त घरं मिळत जातात. जो हत्ती समोरून अडवतो, त्याची घरं प्रत्येक चालीला कमी होतात. शेवटी तो कोपऱ्यात दबून बसतो.

याचं गाजलेलं उदाहरण १९२७ चं आहे. ब्यूनस आयर्समध्ये जगज्जेता कापाब्लांका आणि आव्हानवीर अलेखाइन यांच्यातला सामना ३४ डाव चालला. शेवटच्या डावात अलेखाइनकडे ए पट्टीत एक मोकळं प्यादं जास्त होतं. त्याचा हत्ती त्या प्याद्याच्या मागे होता, कापाब्लांकाचा हत्ती पुढे अडकलेला. अलेखाइनने घाई केली नाही. त्या प्याद्याने काळ्याची मोहरी एका बाजूला बांधून ठेवली आणि संधी मिळताच पांढरा राजा दुसऱ्या बाजूला निघाला. तिथली प्यादी राखायला काळ्याकडे पुरेसं कुणी उरलं नव्हतं. ८२ चालींनंतर डाव संपला आणि जगाला नवा विजेता मिळाला. दूरच्या, म्हणजे आउटसाइड प्याद्याचं काम हेच. स्वतः वजीर होण्याची धमकी देत समोरच्याला लांब नेऊन ठेवायचं.

वाट अडवली आहे, मग?

मोकळ्या प्याद्याच्या अगदी पुढच्या घरात मोहरं बसवणं, याला ब्लॉकेड म्हणतात. अडवायला सगळ्यात चांगला घोडा. डी५ च्या पांढऱ्या प्याद्यापुढे डी६ वर काळा घोडा बसला तरी त्याच्या उड्या चालूच राहतात, त्याची ताकद फारशी कमी होत नाही. सगळ्यात वाईट वजीर. त्याच्यावर कुणीही चालून आलं तरी त्याला उठावंच लागतं.

१९३८ मध्ये नेदरलँड्समधल्या ॲव्हरो स्पर्धेत बॉटविनिकचं मोकळं प्यादं ई६ वर पोचलं होतं आणि ई७ वर कापाब्लांकाचा वजीर त्याला अडवून बसला होता. बॉटविनिकने ३०व्या चालीत आपला उंट ए३ वर नेऊन चक्क फुकट देऊ केला. वजिराने उंट मारला आणि ई७ सोडलं. पाठोपाठ बॉटविनिकने घोडाही दिला. दोन मोहरी गेली, पण वाट मोकळी झाली आणि प्यादं पुढे सरकलं. काळ्याने शहांचा मारा केला, पण पांढरा राजा त्यातून निसटला. ४१व्या चालीनंतर कापाब्लांकाने डाव सोडला.

म्हणून अडकलेल्या प्याद्याकडे बघताना 'पुढे कसं ढकलू' असं विचारायचं नाही. 'पहारेकऱ्याला तिथून कसं हलवू' असं विचारायचं.

मोकळं प्यादं नसेल तर तयार कसं करायचं?

पटाच्या एका बाजूला आपली तीन प्यादी आणि समोरच्याची दोन असतील तर तिथून एक मोकळं प्यादं काढता येतं. ज्या प्याद्यासमोर काळं प्यादं नाही, सहसा ते आधी पुढे काढायचं. शेजारची प्यादी आधी ढकलली तर समोरचा दोन प्याद्यांनी तिन्ही अडवून ठेवतो.

संख्या सारखी असतानाही कधी कधी वाट फोडता येते. पांढरी प्यादी ए५, बी५, सी५ वर आणि काळी ए७, बी७, सी७ वर मांडा. दोन्ही राजे लांब आहेत आणि चाल पांढऱ्याची आहे. पांढरा बी६ खेळतो. काळ्याने ए पट्टीतल्या प्याद्याने मारलं तर पांढरा सी६ खेळतो. ते बी पट्टीतल्या प्याद्याने मारलं की ए६, आणि आता ए पट्टीतल्या प्याद्याला अडवणारं कुणी नाही. काळ्याने सुरुवातीला सी पट्टीतल्या प्याद्याने मारलं तर हेच उलट्या बाजूने करायचं. आधी ए६, मग सी६. दोन प्यादी देऊन तिसरं वजीर होतं. पण काळा राजा जवळ असेल तर हाच प्रयोग अंगाशी येतो. म्हणजे आधी चौकोन मोजायचा, मगच वाट फोडायची.

अदलाबदल कधी करायची?

एक प्यादं जास्त असेल तर मोहरी बदलायची, प्यादी नाही. मोहरी कमी झाली की मोकळ्या प्याद्याला अडवणारे कमी होतात. प्यादी कमी झाली की जिंकायचं साधनच कमी होतं.

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डी. गुकेश जगज्जेता झाला तो असाच. १४वा आणि शेवटचा डाव. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीकडे चालला होता. ५५व्या चालीत डिंग लिरेनने हत्ती अशा घरात नेला, की गुकेशला आधी हत्तीची आणि मग उंटाची अदलाबदल जबरदस्तीने घडवता आली. पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली. जे एक जास्तीचं प्यादं तोवर पुरेसं नव्हतं, तेच आता पुरेसं झालं. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

उलट बाजूलाही हाच धडा लागू पडतो. एक प्यादं कमी असेल तर मोहरी टिकवायची आणि प्यादी बदलत जायची.

जिंकलेला डाव कुठे निसटतो?

काही सापळे आधीच माहीत असले की अर्धा गुण वाचतो.

पहिला सापळा, कडेचं प्यादं. ए किंवा एच पट्टीतल्या एकट्या प्याद्यासमोर बचाव करणारा राजा कोपऱ्यात जाऊन बसला तर नुसत्या राजा-प्याद्याने जिंकता येत नाही.

दुसरा, चुकीचा उंट. कडेच्या प्याद्याबरोबर उंट असला तरी तो वजीर होण्याच्या घराच्या रंगाचा लागतो. पांढऱ्याचं प्यादं ए पट्टीत असेल तर ए८ हे पांढरं घर, म्हणून पांढऱ्या घरांचा उंट हवा. एच पट्टीत असेल तर काळ्या घरांचा. तसा नसेल आणि समोरचा राजा कोपऱ्यात पोचला असेल, तर एक अख्खा उंट जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो.

तिसरा, घाईचा वजीर. ब्लिट्झमध्ये बोट आपोआप वजिरावर जातं आणि समोरच्या राजाला हलायला घरच उरत नाही. स्टेलमेट, बरोबरी. अशा वेळी हत्ती घेतला तर डाव जिंकता येतो. बढती देण्याआधी एकदा तरी समोरच्या राजाची घरं बघायची.

चौथा सापळा हरणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. समोर वजीर असला तरी आपलं प्यादं सातव्या रांगेत ए, सी, एफ किंवा एच पट्टीत असेल, आपला राजा शेजारी असेल आणि समोरचा राजा लांब असेल, तर बहुतेक वेळा डाव वाचतो. मधल्या डी किंवा ई पट्टीत असेल तर सहसा वाचत नाही.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे एकटं पुढे पाठवणं. राजा आणि हत्ती मागे ठेवून प्यादं सहाव्या रांगेत नेलं की ते ताकद न राहता ओझं होतं. त्याला सांभाळण्यातच आपली मोहरी अडकतात. समोरच्याला बांधायचं होतं, आपणच बांधले जातो.

सराव कसा करायचा?

लिचेस हे ॲप आणि वेबसाइट मोफत आहे. तिथे बोर्ड एडिटरमध्ये वर दिलेली स्थिती मांडून कॉम्प्युटरशी खेळता येतं. ई६-ई५ चा राजा-प्याद्याचा शेवट, ए४ चा चौकोन, रेटीचं कोडं आणि तीन विरुद्ध तीन प्यादी. या चारच स्थिती दोन्ही बाजूंनी, न चुकता जमेपर्यंत खेळायच्या. इंटरनेट नसेल तर घरातला पट आहेच.

कापाब्लांकाने १९२१ मध्ये 'चेस फंडामेंटल्स' हे पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात ओपनिंगने होत नाही, साध्या माती आणि प्याद्याची बढती इथून होते. एंडगेमचा उस्ताद मानला गेलेला हा माणूस १९२७ मध्ये आणि १९३८ मध्ये मोकळ्या प्याद्यापुढेच हरला. म्हणजे हे प्रकरण उस्तादांनाही चुकलेलं नाही.

पण उस्तादांना जे चार नियम माहीत होते, तेच चार नियम मंठ्यातल्या किंवा भोकरदनमधल्या मुलीलाही मोबाइलवर मोफत मिळतात. ओपनिंगमध्ये समोरचा १५ चाली पाठ करून आलेला असेल. ४०व्या चालीनंतर पाठांतर संपलेलं असतं. तिथे राजा कुठे उभा आहे आणि चौकोन कुणी मोजला आहे, एवढंच उरतं.